जुलैत लावलेलं रोप मेमध्ये मरतं: त्याच खड्ड्यात पुन्हा लावण्याआधी काय तपासायचं

समस्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. जुलैत वनमहोत्सव होतो, वस्तीतली, शाळेतली, ले-आऊटमधली मंडळी जमतात, खड्डे भरतात, फोटो निघतात. दिवाळीला त्यातली निम्मी रोपं दिसतात, होळीला मोजकी, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला की ट्रीगार्डमध्ये नुसत्या काड्या उरतात. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात, बहुतेक वेळा त्याच जातीचं, नवं रोप जातं. अहवालात झाडं वाढत राहतात, जागेवर खड्डे तेवढेच.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "आपल्याकडचं ऊन किती बेकार हाय, भाऊ," नाहीतर "कोणी पाणीच टाकून नाही राहिलं." ऊन बेकार आहेच. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि अर्ध्या शहराला ते खरं वाटलं, नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्याने सांगितलं.) पण याच उन्हात शहरातल्या सेमिनरी हिल्सवर आणि गोरेवाड्याच्या जंगलात पळस, धावडा, तेंदू उभे आहेत. त्यांना कोणी टँकर लावलेला नाही. तेव्हा सगळं खापर उन्हावर फोडून भागत नाही.

वस्त्यांमध्ये आणि शाळांमध्ये लागवड करणाऱ्या आमच्या गटाचं मत एव्हाना पक्कं झालं आहे: मेमध्ये वाळणाऱ्या बहुतेक रोपांचं मरण जुलैतच ठरलेलं असतं. खड्डा कसा खणला, पिशवी कशी काढली, कोणत्या मातीत कोणती जात लावली, आणि सुट्टीत पाणी कोण देणार हे ठरवलं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. मे फक्त निकाल लावतो. म्हणून नवं रोप आणण्याआधी जुन्याची चौकशी करा.

आधी बघा, खरंच मेलं आहे का

एप्रिलमध्ये ट्रीगार्डात काडी दिसली की लोक ती उपटून टाकतात. नागपूरच्या भोवतालचं जंगल पानगळीचं आहे. पळस, बहावा, मोह, साग, सावर यांची मोठी झाडंही उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकून पाणी वाचवतात. रोपं तर त्याच्याही पुढे जातात. साग, तेंदू, पळस यांचं लहान रोप पहिली काही वर्षं उन्हाळ्यात वरून पार वाळतं, जमिनीखाली मूळ मात्र जाड होत राहतं, आणि पहिल्या दमदार पावसानंतर बुडातून नवा धुमारा येतो. वीतभर रोपाखाली हातभर मूळ असतं ते यामुळेच. ते उपटलं की झाडाची सगळी कमाई गेली.

तपासणी सोपी आहे. शेंड्यापासून खाली येत नखाने साल खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. शेंडा तपकिरी आणि मध्यावर हिरवं असेल तर जिथे हिरवं सुरू होतं त्याच्या जरा वर छाटून सोडा. अगदी बुडापर्यंत कोरडं असेल तरी जात इथल्या पानगळीची असल्यास जूनचा दुसरा पंधरवडा जाऊ द्या, दोन चांगले पाऊस पडू द्या. दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत आमच्यातल्या एक ताई बहाव्याची वाळकी काडी ओढायला वाकल्या, तसे तिथले चौकीदार काका म्हणाले, "मॅडम, काहून उपटून राहिल्या? याचं बूड ओलं हाय अजून." त्यांनी बुडाची माती बोटाने बाजूला केली. जमिनीच्या पातळीला, राईच्या दाण्याएवढा, तांबूस-हिरवा डोळा होता. आता आमच्याकडे काडी उपटण्याचा अधिकार चौकीदार काकांसारख्या रोज बघणाऱ्या माणसालाच दिलेला आहे.

कोणत्या सणाला मेलं

लोकांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. म्हणून विचारतानाच तसं विचारा: पोळ्याला हिरवं होतं का? दसऱ्याला? संक्रांतीला? होळीला? उत्तरावरून अर्धं निदान होतं.

पोळ्याच्या सुमारास, म्हणजे मारबत निघते त्या दिवसांत, खालची पानं पिवळी पडून गळायला लागली असतील आणि शेंडा मान टाकत असेल, तर पाण्याचा तुटवडा हे कारण नसतं. पाणी जास्त झालेलं असतं. इथे लोक हमखास उलटं करतात. मान टाकलेली दिसली की बादलीभर पाणी ओततात आणि उरलंसुरलं रोप बुडवतात.

बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी या बाजूच्या बऱ्याच ले-आऊटमध्ये काल-परवापर्यंत शेती होती. माती काळी, कापसाची. या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो. फुगलेल्या अवस्थेत तिच्यातून पाणी खाली जायला फार वेळ लागतो. नागपूरला वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आता अशा जमिनीत दोन बाय दोन बाय दोन फुटांचा सरळ कडांचा खड्डा खणा आणि त्यात शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती भरा. भोवतालची घट्ट माती पाणी सोडत नाही, खड्ड्यातली सैल माती सगळं ओढून घेते. खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली होते. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात. रोप उपटलं तर मुळाची साल चिमटीत सरकून येते आणि डबक्यासारखा वास येतो. ही खूण चुकत नाही.

खड्डे जेसीबीने किंवा ऑगरने (फिरत्या पात्याने खड्डा पाडणाऱ्या यंत्राने) मारले असतील तर आणखी एक भानगड होते. ओल्या काळ्या मातीत फिरताना ते पातं खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत घासून काढतं. वाळल्यावर ती भिंत मडक्याच्या आतल्या बाजूइतकी घट्ट बनते. मूळ तिथपर्यंत जातं, वळतं आणि खड्ड्यातच गोल फिरत बसतं. उपाय फुकटचा आहे: लावण्याआधी सब्बलीने किंवा टिकासाने चारही भिंती आणि तळ ओरबाडून खडबडीत करा. गोल खड्डा असेल तर त्याला कोपरे पाडा.

काळ्या मातीची परीक्षा अशी करा. जूनमध्ये एक-दोन पाऊस झाल्यावर खड्डा काठोकाठ पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पाणी उतरलं असेल तर ठीक. अजून वीतभर उभं असेल तर त्या जागी खड्ड्यात लावूच नका. फूटभर उंचीचा, तीन-चार फूट रुंदीचा मातीचा उंचवटा करा आणि त्यावर लावा. खड्डा भरताना नुसतं खत आणि विकतची लाल माती घालू नका; निघालेलीच माती, थोडा मुरूम आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एकत्र करा. आत-बाहेरची माती जितकी एकसारखी, तितकं मूळ बिनधास्त बाहेर पडतं.

जातही इथेच चुकते. कडुनिंब आपल्याकडे सगळ्यात जास्त वाटला जातो, कारण "कडुनिंब कुठेही जगतो" असा समज आहे. कोरड्या, मुरमाड जागी जगतो हे खरं. मुळाशी पाणी साचलेलं त्याला अजिबात चालत नाही. पाणथळ काळ्या जमिनीत अर्जुन, करंज, जांभूळ, बाभूळ लावा. पळस दोन्हीकडे तग धरतो. शहराच्या पश्चिमेला, हजारीपहाड, दाभा या बाजूला, खाली काळा दगड आणि वर मुरूम आहे, तिथे कडुनिंब, बहावा, बेल, धावडा खुशाल लावा. तिथला प्रश्न उलटा असतो. पाणी भुर्रकन निघून जातं, म्हणून खड्डा मोठा घ्या आणि त्यात तलावाचा गाळ किंवा पोयटा मिसळा.

दसरा ते दिवाळी या काळात गेलेलं रोप बहुतेक वेळा खाल्लं गेलेलं असतं किंवा गवतात गुदमरलेलं. शेंडा तुटला किंवा सालीसकट ओरबाडला असेल तर बकरी नाहीतर गाय-गोऱ्हा. लोखंडी ट्रीगार्ड चोरीला जातं आणि कबाड्याकडे पोचतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बोराट्या किंवा बाभळीच्या काट्या कोणी चोरत नाही. बांबूच्या तट्ट्याचं कुंपणही दोन वर्षं आरामात टिकतं. गाजर गवत आणि तरोटा रोपाच्या डोक्यावरून गेलेला असेल तर फूलावर यायच्या आत उपटा. गाजर गवताला हातमोजे घाला, पोरांना तर त्याशिवाय हात लावू देऊच नका.

संक्रांत ते होळी या दिवसांत टेकड्यांवर आणि मोकळ्या मैदानांवर आग हे पहिलं कारण. सुकलेलं गवत, एक विडी, बस. दिवाळी झाली की रोपांच्या पट्ट्याभोवती दोन-तीन मीटर रुंदीचं गवत कापून जमीन साफ ठेवा. वन विभाग जाळरेषा काढतो ती याचसाठी. शहराच्या आत आग वेगळ्या वाटेने येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, सफाईवाले आणि आपलेच शेजारी पानांचे ढीग झाडाच्याच बुंध्याशी लावून काडी ओढतात. एका बाजूची साल करपते, झाड दोन वर्षं कसंबसं काढतं आणि जातं.

हीच पानं खरं तर उन्हाळ्याचं औषध आहेत. काळी माती फेब्रुवारीपासून भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या आकसण्यात बारीक मुळं तटातट तुटतात, आणि भेगेतून गरम हवा थेट मुळाशी पोचते. "एक कोळपणी, अर्धं पाणी" असं शेतकरी उगाच म्हणत नाहीत. आळ्यातली वरची दोन बोटं माती खुरप्याने मोकळी करा, भेगा बुजवा, वरून वीतभर पालापाचोळा अंथरा. दबून तो चार बोटं राहतो. खोडाला चिकटू देऊ नका, सगळ्या बाजूंनी तळहाताएवढी जागा मोकळी हवी. नाहीतर साल कुजते आणि उधईला, म्हणजे वाळवीला, आयती वाट मिळते. उधईबद्दल एवढंच: खोडावर मातीचा पातळ थर दिसला की घाबरून औषधं ओतू नका, बहुधा ती मेलेली साल खात असते. उपटलेल्या रोपाचं मूळ आतून पोकळ असेल तर मात्र तीच दोषी. कच्चं शेण खड्ड्यात टाकलं की ती येतेच. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या आणि सोबत ओंजळभर निंबोळी पेंड टाका.

एप्रिल ते जून: पाणी दिलं तरी मेलं

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. "आम्ही रोज पाणी देत होतो" असं काकू छातीठोकपणे सांगतात, आणि त्या खरं बोलत असतात. रोज एक लोटा दिलेलं पाणी वरची दोन-तीन बोटं माती भिजवतं. मुळं ओलाव्याच्या मागे वर येतात. मेमध्ये हाच वरचा थर तव्यावर घातल्यासारखा तापतो. एक दिवस पाणी चुकलं की खेळ खलास.

यासाठी आम्ही प्रत्येक गटाला एक वस्तू ठेवायला सांगतो: दोन फुटी लोखंडी सळई. पाणी दिल्यावर तासाभराने ती आळ्यात हाताने दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडा थर लागला की अडते. सळई बोटभरच गेली तर पाणी वरच्यावर राहिलं. दीड फूट गेली तर काम झालं. पोरांना हा प्रयोग फार आवडतो. कोणी भाषण देण्यापेक्षा सळई अडते ती जागा दाखवली की काकूंनाही पटतं.

पहिल्या उन्हाळ्यात रोज लोटाभर देण्याऐवजी सहा-आठ दिवसांनी पंधरा-वीस लिटर एकदम, सावकाश, भल्या पहाटे किंवा सूर्य उतरल्यावर द्या. मुरमाड जागी अंतर कमी करा, तीन-चार दिवसांवर आणा. आळं खोडाला चिकटून नको, पानांच्या घेराच्या बाहेरच्या कडेला हवं, मुळं तिकडेच पसरायला हवीत. मडकं पुरणं हा जुना आणि चांगला उपाय आहे: गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं भरून ठेवलं की पाणी झिरपत राहतं. मात्र त्यासाठी घरातलं जुनं, पाणी थंड न करणारं मडकं घेऊ नका. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. जे पाणी थंड करत नाही ते झिरपतही नाही.

क्षारांवरून आठवलं. नागपुरात कूलर नसलेलं घर विरळा, आणि कूलरच्या टाकीचं पाणी झाडाला घालायची कल्पना प्रत्येक बैठकीत कोणीतरी मांडतंच. कल्पना चांगली आहे, पण अर्धीच. कूलर पाणी उडवतो, क्षार उडवत नाही. रोज वरून पाणी भरत गेलात, तेही बोअरचं, तर आठवड्याने टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी चांगलंच खारट झालेलं असतं. ते रोपाला दिलं की पानांच्या कडा आधी टोकाकडून करपतात आणि आळ्यात पांढरी पापडी धरते. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर पाण्याचा स्रोत बदला. कूलरचं पाणी वापरायचंच असेल तर दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करा, त्यात तेवढंच साधं पाणी मिसळा, आणि मोठ्या झाडांना द्या. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यालाही हाच नियम. भाजी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

नळाचं पिण्याचं पाणी लागवडीला घालायचं का, हा प्रश्न टाळू नका. २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी पुरवणारं तोतलाडोह धरण आटलं होतं आणि शहराला दिवसाआड पाणी मिळत होतं. अशा वर्षी तुम्ही नळीने रोपं भिजवत असाल तर शेजारी भांडणारच, आणि त्यांचंच बरोबर असेल. म्हणून जेवढ्या रोपांना उन्हाळ्यात वापरलेलं किंवा विहिरीचं पाणी पोचवता येईल तेवढीच जुलैत लावा. हा आकडा आधी काढा. तो नेहमी पाहुण्यांच्या भाषणातल्या आकड्यापेक्षा लहान येतो.

उपटलेल्या मुळाकडे बघा

कारण सापडत नसेल तर मेलेलं रोप मातीच्या गोळ्यासकट उकरून काढा आणि पाण्यात धुवा. गोळा अजून पिशवीच्या आकाराचाच असेल, मुळं गोल-गोल गुंडाळलेली असतील, तर रोपाने नव्या जमिनीत पाऊल टाकलंच नव्हतं. रोपवाटिकेत फार काळ पडून राहिलेल्या रोपांचं असं होतं. त्यामुळे घेताना उंची बघू नका, बुडाची जाडी बघा. पाच फुटी लवलवती काडी घेण्यापेक्षा दोन फुटी दणकट रोप बरं. लावताना पिशवी पूर्ण काढा. नुसती खालून फाडून तशीच पुरलेली काळी पिशवी आम्हाला जागोजागी सापडते. गोळ्याला ब्लेडने तीन-चार उभ्या चिरा द्या, तळाची वेटोळी कापून टाका. मुख्य मूळ इंग्रजी जे अक्षरासारखं वर वळलेलं असेल तर खड्डा उथळ होता आणि रोप कोंबलं होतं.

मोह, तेंदू अशांचं सोटमूळ फार लवकर खोल जातं आणि पिशवीत मोडतं. त्यांच्या ताज्या बिया पाऊस सुरू होताना जागेवरच टोकलेल्या बऱ्या. मोह आणि कडुनिंबाच्या बियांचा उगवण्याचा दम थोड्याच दिवसांत जातो, साठवून ठेवू नका. बीजगोळ्यांबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. मातीत लडबडून पोरं खूश होतात हे खरं, पण टेकडीवर भिरकावलेले गोळे मुंग्या, उंदीर आणि दोन पावसांमधली उघडीप यांच्याच वाट्याला जातात.

आणि गोळा धुताना विटांचे तुकडे, सिमेंट, फरशीचे कपचे निघाले तर समजा की खाली बांधकामाचा मलबा भरलेला आहे. ले-आऊटच्या मोकळ्या जागांमध्ये हे सर्रास होतं. तिथे तीन-चार फूट खोल खणून मलबा बाहेर काढणं हाच इलाज, नाहीतर जागा सोडा. एकाच खड्ड्यात लागोपाठ तीन रोपं मेली असतील तर तिथे चौथं लावणं ही हौस आहे, लागवड नाही.

शाळेचं वेळापत्रक आणि झाडाचं वेळापत्रक

आमच्या कामातला निम्मा भाग शाळांमध्ये असतो, आणि मरतुकीचं सगळ्यात मोठं कारणही तिथेच सापडतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे मे आणि जवळपास सगळा जून शाळा बंद. झाडाला माणूस लागतो तो नेमका याच दिवसांत. "एक मूल एक झाड" ऐकायला छान वाटतं, पण मूल सुट्टीत आजोळी जातं, पुढच्या वर्षी वरच्या वर्गात, नंतर दुसऱ्या शाळेत. झाड तिथेच राहतं, पोरकं.

आम्ही झाड मुलाच्या नावावर करत नाही, दाराच्या नावावर करतो. शाळेच्या कुंपणालगतचं रोप समोरच्या घराला, कोपऱ्यावरचं चहाच्या टपरीला, मैदानातलं सकाळी फिरायला येणाऱ्या काकांच्या टोळीला. टपरीवाल्याचा हिशेब साफ असतो: सावली आली तर गिऱ्हाईक बाकावर जास्त वेळ बसेल. कपबशा विसळलेलं पाणी तो तसंही रस्त्यावर फेकत होता. साबण नसेल तर तेच आळ्यात जातं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुलं स्वतः त्या दारी जातात, सळई कशी दाबायची ते दाखवतात आणि सुट्टीपुरतं झाड सोपवतात. "काकू, आठ दिवसांनी एकदा, पण दोन बादल्या," हे सहावीतल्या पोरीने सांगितलेलं कोणी विसरत नाही.

वर्षभराचं शिकवणंही आम्ही जुलैतून बाहेर काढलं. जुलैत नुसती लागवड, पाहुणे नकोत. पोळ्याच्या आधी पाणी साचलंय का ते बघणं. दिवाळीनंतर गवत कापणं. फेब्रुवारीत पोत्यांनी पालापाचोळा गोळा करणं; तेव्हाच पळस फुलतो, तर होळीचा रंग काढायचा वर्गही उरकतो. मार्चमध्ये नखाने साल खरवडायची परीक्षा. या सगळ्याची एक वही असते, प्रत्येक झाडाला क्रमांक, आणि दर महिन्याला एकच ओळ: जिवंत, मेलं, शंका, आणि कारण. मेलेल्या झाडाची ओळ खोडायची नाही. शिक्षकांना सुरुवातीला ही वही अडचणीची वाटते, कारण तिच्यात अपयश दिसतं. मुलांना तसं काही वाटत नाही. त्यांना कारण शोधायचं असतं.

झाड जगलं, आता त्याचा गळा बघा

तीन-चार वर्षांची झाडं वरून वाळायला लागली तर नव्या रोपाची कारणं तिथे शोधू नका. खोडाभोवती पेव्हिंग ब्लॉक किंवा सिमेंट टाकलंय का ते बघा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात प्रत्येक झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तेवढं माप धरून महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोसह अर्ज द्या. स्वतः काँक्रीट फोडायला जाऊ नका, मुळं तुटतात. वरून वीजतारा असतील तर दर मेमध्ये पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत झाडाचं डोकं उडणारच. तारेखाली आपटा, कांचन, पारिजातक यांच्यापुढे जाऊ नका. लवकर हिरवं दिसावं म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड लावायचा मोह अनेकांना होतो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, आणि आपल्याकडे १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे वाढलेलं झाड परवानगीशिवाय काढता येत नाही. चुकीची जात मोठी झाली की ती सांभाळतच बसावं लागतं.

आणि लोखंडी ट्रीगार्ड चोरीला गेलं नसेल तर तेच झाडाला मारतं. खोड जाड होतं, कडी सालीत रुतते, साल तिच्यावरून चढते आणि वरून आलेला अन्नरस तिथेच अडतो. कडीच्या वर खोड फुगलेलं आणि खाली बारीक दिसलं की उशीर होत चालला आहे. मनगटाएवढं खोड झालं की गार्ड काढायचं, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रुतलेली कडी ओढू नका. हॅक्सॉने दोन बाजूंना कापा, सालीच्या आत गेलेला तुकडा तसाच राहू द्या, आणि निघालेलं लोखंड कबाड्याला विकून पुढच्या बांबूचे पैसे काढा.